खळीचं पातेलं

आमच्या घरी मोरीवरच्या फळीवर एक जर्मनचं पातेलं आहे. त्यात अन्न शिजवायचं नाही, असा आईचा दंडक आहे. त्यात फक्त खळ शिजते. तीन मुठी मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं आणि चिमूटभर मोरचूद घालायचं. मोरचुदामुळे कागदाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून पातेलं वेगळं. महिन्यातून एकदा आई ही खळ करून देते. रात्रीची जेवणं आटोपली की मी टेबलावर रद्दी अंथरते आणि कात्री घेऊन बसते.

दिवसा मी ठाण्याच्या नौपाड्यात डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, तेराव्याची पत्रं, दुकानांची बिलबुकं. ओळ सरळ हवी, समास सारखे हवेत, ‘श्री गजानन प्रसन्न’ बरोबर मध्यावर हवं. अठरा वर्षं मी हे करतेय आणि ते मला मनापासून आवडतं. रात्री कापते ती अक्षरं मात्र वेगळी. ‘क’ जुन्या लोकलच्या वेळापत्रकातला, ‘ल’ साबणाच्या वेष्टनावरचा, ‘ट’ कुणाच्या तरी फसलेल्या लग्नपत्रिकेतला, सोनेरी शाईचा. ती शेजारी शेजारी चिकटवली की शब्द होतो, पण प्रत्येक अक्षर आपल्या घरचे कपडे घालून आल्यासारखं दिसतं. मग झेरॉक्स. झेरॉक्समध्ये सोनेरीचं काळं होतं, वेष्टनाची सुरकुती रेघ बनून उमटते, खळीचा ओघळ राखाडी डाग होतो. मला तो डाग फार प्रिय आहे.

अंक एका कागदाचा असतो. ए-फोर कागदाला तीनदा घडी घातली की आठ घरं पडतात. कागद उलगडायचा, मधल्या घडीवर फक्त दोन घरांपुरती एक चीर द्यायची, आणि दोन्ही टोकांनी आत ढकलायचं. आठ पानांची पुस्तिका तयार होते, पिन नाही, शिलाई नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी तीच घडी पाच-सहा वेळा उलगडून परत घातली होती. आम्ही आठजण त्या महिन्यात एकत्र पाहिलेल्या एका सिनेमाबद्दल त्यात लिहितो, चित्रं काढतो. इंग्रजीत याला झीन म्हणतात. मी अंकच म्हणते.

हे सिनेमे कुठले, असं विचारतात लोक. कल्ट सिनेमे, म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कल्ट सिनेमा म्हणजे नक्की काय? मी सांगते, सांभाळलेला सिनेमा. ज्यांनी काढला, ज्यांनी विकला त्यांच्या हातून जो सुटला आणि बघणाऱ्यांनी उचलून घरी नेला तो. ‘जाने भी दो यारों’ १९८३ सालचा, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांतून काढलेला. थिएटरात त्याचं फारसं काही झालं नाही. तो जगला टीव्हीवर आणि कॅसेटवर. २०१२ साली नवी केलेली प्रिंट पुन्हा थिएटरात आली, तेव्हा लोक संवाद नटांच्या आधी म्हणत होते. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ त्याहून विलक्षण. १९८८ साली पुरा झालेला सिनेमा रीतसर थिएटरात लागला २०१४च्या जानेवारीत. मधली पंचवीस वर्षं तो फिरत राहिला कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर, आणि प्रत्येक उतरवणीत चित्र आणखी पुसट होत गेलं. अजमेर-पुष्करचा तो भन्नाट, कुठल्याच धाग्याला न बांधलेला सिनेमा ज्यांनी पुसट कॅसेटवर पाहिला, त्यांनी तो मित्राला दिला नसता तर आज तो कुठे असता?

आणि अमेरिकेतली ती मेलेल्या माणसांची रात्र, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. जॉर्ज रोमेरोने १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास, मित्रमंडळींच्या जोरावर काढलेला. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं. नवी नावाची पट्टी लावताना हक्कांची ओळ त्यावर घालायची राहिली. तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्या एका राहिलेल्या ओळीने सिनेमा सगळ्यांचा झाला. ज्याला वाटेल त्याने दाखवावा, कॉपी काढावी. काढणाऱ्यांचं यात मोठं नुकसान झालं, त्याची हळहळ मला वाटतेच. पण त्यामुळेच तो गावोगावच्या रात्रीच्या खेळांना लागत राहिला, हेही खरं. मी पत्रिकांची प्रुफं तपासते, तेव्हा एखादी ओळ राहिली तर काय होतं याची कल्पना मला नीट आहे, म्हणून ही हकिकत मला रुतून बसली असावी.

न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात १९७६पासून ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ मध्यरात्री लागायचा. लोक पात्रांचे कपडे घालून यायचे, पडद्याशी बोलायचे, आणि सुरुवातीला लग्नाचा प्रसंग येतो तिथे तांदूळ उधळायचे. मी हे वाचलं आणि मला आमच्या कोपरीच्या चाळीतली दुपार आठवली. ‘अशी ही बनवाबनवी’ लागलाय, घरात चौदा माणसं, आणि ‘धनंजय माने इथेच राहतात का’ हे पडद्यावरच्या माणसाच्या आधी आमच्या आत्याने म्हटलेलं. तो सिनेमा काही पडलेला नव्हता, चांगला चालला होता. तरी त्याला सांभाळलाय तो लोकांनीच. अक्षता आम्ही उधळल्या नाहीत एवढंच.

हे वेड मला नेमकं कधी लागलं तेही सांगते. १९९३ साली ‘झपाटलेला’ आला. ठाण्यातल्या एका थिएटरात मी बाबांच्या मांडीवर बसून पाहिला. तात्या विंचू बोलायला लागला तशी मी डोळे गच्च मिटले. बाबा कानाशी म्हणाले, “अगं, बाहुला आहे तो. खाली माणूस बसलाय. नीट बघ, कुठेतरी त्याचा हात दिसेल.” रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला. मी डोळे उघडले आणि उरलेला सिनेमाभर भीती विसरून तो हात शोधत राहिले.

अजूनही तेच शोधते. मोठ्या पैशांचे सिनेमे मी पाहते, त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांच्यातून हात पुसून टाकलेला असतो. ज्या सिनेमात सेटचा पुठ्ठा किंचित हलतो, रक्त जरा जास्तच लाल असतं, तिथे मला कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर, ओबडधोबड रॉक संगीत. त्या पंकची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली ती कामाच्या ठिकाणीच. एका ग्राहकाने आणलेल्या जुन्या परदेशी मासिकात सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या १९७७च्या रेकॉर्डचं वेष्टन छापलं होतं. इंग्लंडच्या राणीचा चेहरा, आणि डोळे नि तोंड झाकणाऱ्या पट्ट्यांवर वर्तमानपत्रातून कापल्यासारखी अक्षरं. जेमी रीड या चित्रकाराचं काम. अक्षरांची उंची एक नाही, तळरेघ एक नाही. मी जे दिवसभर दुरुस्त करत होते ते सगळं त्याने मुद्दाम तसंच ठेवलं होतं, आणि पान उभं होतं. भक्कम उभं होतं. मी ते पान झेरॉक्स करून घरी नेलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग कळलं की लंडनमध्ये १९७६ साली मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ नावाचा अंक काढला होता. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड स्केचपेनने, पहिल्या अंकाच्या प्रती जेमतेम पन्नास, त्याही झेरॉक्स. नोकरी करणाऱ्या माणसाने रात्री बसून काढलेला. मला तो आपल्या पेठेतलाच वाटला.

पुढची गोष्ट मला जास्त जवळची. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथे मी वर्गणीदार आहे. एका पावसाळ्यात लघुअनियतकालिकांवरचं वाचत बसले होते, आणि वाचता वाचता पाठ ताठ झाली. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं १९५४ साली. सायक्लोस्टाइल करून. म्हणजे लंडनच्या त्या कारकुनाच्या बावीस वर्षं आधी. पुढे साठच्या दशकात तर रांगच लागली. ‘असो’, ‘येरू’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘भारुड’. नावं वाचूनच कळतं की कुणाची परवानगी मागून ठेवलेली नाहीत.

सायक्लोस्टाइल मी लहानपणी बाबांच्या युनियन ऑफिसात पाहिलेलं आहे. मेणाचा हात दिलेला पातळ स्टेन्सिल कागद टाइपरायटरमध्ये घालायचा, रिबीन बाजूला करायची, म्हणजे अक्षराचा खिळा थेट मेणावर आपटतो आणि अक्षराच्या आकाराची चीर पडते. तो कागद शाईच्या ड्रमवर चढवायचा, हँडल फिरवायचं, चिरांतून शाई झिरपून कागदावर उतरते. ‘ठ’, ‘ळ’ असल्या गोल अक्षरांच्या पोटातला कागदाचा तुकडा कधी कधी गळून पडतो, मग तिथे काळा भरीव ठिपका उमटतो. युनियनच्या पत्रकांवर ते ठिपके असायचे. म्हणजे मी ज्या डागावर इतका जीव टाकते तो मी लंडनहून आणलेला नाही. तो आमच्या घरात आधीपासून होता.

कोलटकर स्वतः जाहिरात व्यवसायातले आर्ट डायरेक्टर. अक्षर कुठे बसतं हे हाताला माहीत असलेला माणूस. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली काढलं, म्हणजे जेमी रीडच्या त्या वेष्टनाच्याच वर्षी. त्याआधी १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह येऊन गेला होता आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली होती. आमच्यातला एकजण उत्साहाने म्हणतो की हे आपलं पंक. मला ते पटत नाही. लंडनच्या पोरांचा राग खरा होता, पण गोलपिठ्यातल्या शब्दांच्या मागे हजारो वर्षांचा भार आहे, त्याला परगावच्या पेहरावाचं नाव कशाला द्यायचं? त्याला त्याचं नाव आहे. एक मात्र मी त्या मित्राचं मानते. छापून देणारा कुणी नसेल तर आपण छापायचं, हे या शहराला आणि या भाषेला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

एकत्र सिनेमा पाहायला जागा मिळवणं सोपं नव्हतं. प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी मुंबईत १९६८पासून आहे, तिच्या खेळांना जाऊन, शेवटच्या कर्जत लोकलने परतून मी पुष्कळ शिकले. पण आम्हाला ठाण्यात बसायचं होतं. एका सोसायटीने हॉल देतो म्हटलं, आणि सिनेमा कुठला ते कळल्यावर आदल्या रात्री नकार कळवला. मला तेव्हा फार लागलं. आमच्यातल्या एका मित्राचा वागळे इस्टेटमध्ये स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. स्टिकर, नेमप्लेट, खोक्यांवरची छपाई. तो म्हणाला, शनिवारी आठनंतर गाळा रिकामाच असतो. झालं. भिंतीला पांढरी चादर, सेकंडहँड प्रोजेक्टर, बसायला कागदाची रिमं आणि उलटे ठेवलेले क्रेट. थिनरचा वास नाकातून दोन दिवस जात नाही. ऐरोली, घणसोलीचे तिघे ट्रान्सहार्बरने येतात. मध्यंतरात समोरच्या टपरीवरचा चहा.

त्या गाळ्यात गेल्या वर्षी मी बाबांना नेलं.

वागळे इस्टेट आणि बाबा ही एकच गोष्ट आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली ती इथेच, आणि बाबा गावाहून आले तेव्हा इथे शेकडो कारखाने धडधडत होते. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर. बाबा एका कंपनीत एकतीस वर्षं टर्नर होते. लेथवर जॉब लावायचा, हत्यार टेकवायचं, आणि लोखंडाचा कीस स्प्रिंगसारखा वळत वळत निघायचा. संध्याकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशात त्याचे तुकडे सापडायचे, निळसर, मोरपिसासारखे. आई ओरडायची, मी ते डबीत जमवायचे. मग कंपनी बंद झाली. एका सोमवारी फाटकाला कुलूप होतं. हिशेबाचे पैसे यायला सात वर्षं लागली, तेही अर्धे. तिथे आता काचेची इमारत आहे. बाबा त्या रस्त्याने जायचे टाळतात, रिक्षा तीन हात नाक्यावरून वळली तरी दुसरीकडे बघतात.

त्या शनिवारी आम्ही ‘तेत्सुओ’ दाखवणार होतो. शिन्या त्सुकामोतोचा १९८९चा जपानी सिनेमा, सोळा एमएमवर, कृष्णधवल, सदुसष्ट मिनिटांचा. एका साध्या नोकरदार माणसाला दाढी करताना गालात धातूचा काटा लागतो आणि बघता बघता त्याचं सगळं अंग लोखंड, पाइप, तारांचं होत जातं. तो नोकरदार झालेला तोमोरोवो तागुची हा खऱ्या आयुष्यात पंक बँडचा गायक. संगीत म्हणजे पत्र्यावर घण घातल्याचा आवाज. हा सिनेमा बाबांना दाखवावा असं मला का वाटलं, ते मी तेव्हा नीट सांगू शकले नसते. मी त्यांना आधी स्पष्ट सांगितलं की यात भयंकर प्रकार आहेत आणि काही प्रसंग बाप-लेकीने शेजारी बसून बघण्यासारखे नाहीत. ते म्हणाले, “तेवढ्या वेळात मी बाहेर जाऊन चहा सांगून येतो.” आणि खरंच, मी खूण केल्यावर शांतपणे उठून गेले आणि परत आले.

बाकी वेळ ते पापणी न लववता बघत होते. रस्त्यावरून माणूस एकेक चौकट पुढे सरकवत पळवलाय, ते दृश्य आलं तेव्हा त्यांचा पाय लेथच्या ठेक्यात हलत होता. दिवे लागले. आम्ही आठजण नेहमीसारखे बोलायला लागलो, आणि बाबा म्हणाले, “जरा मागे घ्याल का?”

मित्राने मागे घेतलं. माणसाच्या अंगावर लोखंड चढलेलं एक दृश्य होतं, तिथे त्यांनी हाताने थांबवलं. उठून चादरीपाशी गेले. त्यांची सावली त्या लोखंडी माणसावर पडली, मग ते बाजूला सरकले आणि बोटाने दाखवायला लागले. “हे सगळं भंगारातलं आहे. ही वायर कुठेच जात नाही, नुसती खोचलीय. हा पाइप बघा, कापून घासलेला पण नाही.” मला वाटलं, आता नापसंती येणार. त्यांच्या कामात पॉइंट झिरो टूचा फरक म्हणजे जॉब फुकट. अंगठा फिरवून सांधा कळला तर ते जॉब परत लावत. “पण,” ते म्हणाले, “ज्याने लावलंय त्याने एकेक तुकडा हातात घेऊन बघितलाय. कुठला कुठे बसतो ते. हे घाईचं काम नाही.”

मी त्यांना सांगितलं की हे लोक मूठभर होते, शूटिंग बरंचसं त्यातल्या एका नटीच्याच घरात झालं, दिग्दर्शकाने त्यात कामही केलं, आणि बरेचसे सहकारी मध्येच सोडून गेले.

“उरलेल्यांनी पुरं केलं ना?” बाबांनी विचारलं. आणि चादरीकडे बघत राहिले.

परतताना त्यांनी रिक्षा कंपनीच्या रस्त्याने घ्यायला सांगितली. काचेच्या इमारतीपाशी थांबवली नाही, फक्त हळू घ्यायला लावली. “इथे फाटक होतं,” एवढंच बोलले. रिक्षावाल्याला बोलले की मला, ते कळलं नाही.

‘तेत्सुओ’चा अंक आठ पानांत मावेना. चोवीस पानं झाली. मुखपृष्ठासाठी मी माझी जुनी डबी काढली आणि लोखंडाचा कीस थेट झेरॉक्सच्या काचेवर ठेवला. झेरॉक्सवाले काका काच चरेल म्हणून धास्तावले होते, मग आम्ही मध्ये एक पारदर्शक शीट घातली. निळा रंग अर्थातच आला नाही, पण प्रत्येक वेटोळ्याची कड न् कड आली, आणि मशीनच्या उजेडाने त्यांच्यामागे खोल काळोख पडला. शीर्षक कापलेल्या अक्षरांचं. त्यातला ‘त’ बाबांच्या कंपनीच्या जुन्या पगारपत्रकातला. मूळ कागद जपून ठेवला, त्याच्या झेरॉक्सवरून कापला.

चोवीस पानं म्हणजे पिना आल्या. चाळीस प्रतींना मी लांब स्टेपलरने मध्यावर दोन-दोन पिना मारल्या आणि गठ्ठा टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. पातेलं विसळून फळीवर ठेवलं. बाहेर आले तर बाबा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. एक प्रत हातात, मधलं पान उघडं, आणि अंगठा पिनेवरून फिरत होता.

“ही टोकं वर राहिलीत,” ते म्हणाले. “वाचणाऱ्याच्या हाताला लागतील.”

कपाटाच्या तळातून त्यांनी हत्यारांची पेटी ओढली आणि बारीक पक्कड काढली. पहिल्या प्रतीची पिन दाबून सपाट केली, अंगठा फिरवून बघितला, प्रत डावीकडे ठेवली आणि दुसरी घेतली. मी दिवा त्यांच्या बाजूला सरकवून दिला.